लॅपटॉप पाठवू नकोस

घाटंजी, जि. यवतमाळ
जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

तिळगूळ घे, आणि पुतण्यासाठी जो गेमिंग लॅपटॉप बघून ठेवला आहेस त्याचे पैसे भरायचे दोन दिवस थांब. कॅल्गरीहून कुणी ओळखीचे नागपूरला यायचे आहेत, त्यांच्या बॅगेत घालून देतो म्हणतोस. कस्टमचं तुझं म्हणणं बरोबर आहे, प्रवाशाला एक लॅपटॉप बिनाशुल्क आणता येतो. पण तू माझं मत विचारलंस, आणि ते असं आहे: लॅपटॉप नको, पैसे पाठव. आपण पोट्ट्याला इथेच पीसी बांधून देऊ, आणि तोही दोन हप्त्यांत.

रागावू नकोस, कारणं ऐक. तुझ्याकडे या दिवसांत पारा उणे वीसच्या खाली जातो. इथली त्याची खोली तुला ठाऊक आहे, माडीवरची, टिनाच्या छपराची. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतं तेव्हा कूलर लावूनही त्या खोलीत दुपारी चाळीसच्या आसपास असतं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप बोटभर जाडीच्या डब्यात शेजारी-शेजारी बसतात आणि बहुतेकदा त्याच दोन-तीन तांब्याच्या नळ्यांवर दोन्ही थंड होतात. तापले की स्वतःला वाचवायला ते वेग उतरवतात. म्हणजे ज्या वेगाचे पैसे मोजले, तो एप्रिल ते जून मिळणारच नाही.

शिवाय नावांचा घोळ आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० कार्डात १२ जीबी मेमरी आणि ५,८८८ कोअर आहेत. लॅपटॉपवर तेच ‘४०७०’ लिहिलेलं असतं, पण आत ८ जीबी आणि ४,६०८ कोअर. लॅपटॉपच्या ४०६० ला तर बनवणारी कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, आणि खेळ किती पळेल ते त्यावर ठरतं. खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत कुणी लिहीत नाही. आणि तिकडे घेतलेल्या मालाची वॉरंटी पुष्कळदा तिकडेच चालते. एक पंखा वाजायला लागला तर तो लॅपटॉप घेऊन मी कुठे फिरू?

लॅपटॉपच्या बाजूनेही बोलायला हवं. वीज गेली तरी तो चालतो, आणि होस्टेलला जाणाऱ्या पोरासाठी मी तोच सांगितला असता. पण हा पुढची तीन वर्षं इथेच, घरी राहून शिकणार आहे. टेबल एका जागी, मशीन एका जागी. तिथे सुटे भाग जोडलेला पीसीच शोभतो, कारण त्यातला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि पैसे आले की तेवढाच वाढवता येतो.

पैशाचं बोलू. तू साठ हजारांपर्यंत म्हणालास. मी तुझ्या दादांशी बोललो. ते म्हणाले, ‘‘पुढच्या कापसावर वीस-पंचवीस हजार मी टाकतो, पण एकदम नाही.’’ गेमिंगसाठी दादा पैसे काढतायत हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे चोवीस हजारांचं एक ग्राफिक्स कार्ड म्हणजे दादांचा तीन क्विंटल कापूस, आणि त्यात फवारणी-वेचणीचा खर्च धरलेलाच नाही. एकेक भाग निवडताना हा हिशेब माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणूनच एका हंगामात अर्धवट सगळं घेण्यापेक्षा, जे पाच-सहा वर्षं टिकायचं ते आधी नीट घ्यायचं आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या हंगामात, असं माझं ठरलं आहे.

आधी खेळ कोणते ते बघ. पुतण्याने मला यादी दिली: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, ‘राजी’, आणि अर्थातच जीटीए ६. शेवटच्याचं नाव घेताना पोराचे डोळे चमकतात. पण जीटीए ६ ची १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीची तारीख रॉकस्टारने दिलेली नाही. मागचा अनुभव बघ. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्पशन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. जो खेळ पीसीवर कधी येईल ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी आज तीस-चाळीस हजारांचं कार्ड घेऊन ठेवायचं? तो येईल तोवर तेच पैसे अधिक चांगलं कार्ड आणतील. हे मी त्याला समजावलं, आणि त्याला ते पटलं.

यादीतलं एक नाव मला फार आवडलं: ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला खेळ. आपल्याकडच्या भित्तिचित्रांसारखे रंग, किल्ले-मंदिरांसारखी दृश्यं, आणि राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, असं काही आपणही बनवू शकतो का?’’ मी त्याला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर दाखवलं, फुकट मिळतं ते. या मशीनवर तो नुसता खेळणार नाही, हे मला त्या प्रश्नावरून कळलं. तुझे पैसे नीट लागावेत म्हणून मी एवढा जीव टाकतोय त्याचं ते एक कारण आहे.

खेळांनंतर पडदा. लोक प्रोसेसरपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण बाकी सगळ्यांवर किती काम पडणार ते मॉनिटर ठरवतो. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला साठ चित्रं म्हटली तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवायचे. फोर-के पडद्यावर हे काम बरोबर चौपट होतं. आपल्या पैशात फुल एचडीच घ्यायचा, २४ इंची. पुतण्याला १४४ हर्ट्झचा पडदा हवा आहे. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळात त्याचा उपयोग होतो हे खरं; ६० हर्ट्झला नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९ मिलिसेकंदांनी. फरकाचे हजारभर रुपये असतील तर घेऊ. मॉनिटर हा मशीनपेक्षा जास्त जगतो, पुढचं कार्ड आलं की तो कामी येईल.

आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमकं काय, ते वहिनींनी मला विचारलं. ‘‘प्रोसेसर असताना हे आणखी कशाला?’’ मी त्यांना त्यांच्याच वावरातलं सांगितलं. खत कधी, पाणी कधी, माणसं कुठे लावायची हे ठरवायला दादा एकटे पुरतात. पण दिवाळीनंतर कापूस फुटला की दादा कितीही हुशार असले तरी वेचणीला चाळीस बाया लागतात, प्रत्येकीचं काम साधं, पण सगळ्या एकाच वेळी. प्रोसेसरमध्ये सहा-आठ हुशार कोअर असतात. ग्राफिक्स कार्डात हजारो साधे. वीस लाख ठिपके एकेक करून नाही, एकदम रंगवायचे असतात.

ही कल्पना आपल्या वऱ्हाडच्या माणसाने फार आधी देशाच्या कामी आणली होती, हे मी पुतण्याला सांगितलं तर त्याला माहीतच नव्हतं. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, मूर्तिजापूर तालुक्यातले. यवतमाळहून आपली शकुंतला रेल्वे जिथे जायची, ते मूर्तिजापूर. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला आडकाठी केली तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, तीन वर्षांची मुदत मिळाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात एक अजस्र प्रोसेसर नव्हता. बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर घेऊन त्यांचे ६४ नोड एकत्र कामाला लावले होते. मुदत ठरलेली, पैसा ठरलेला, जे मिळतं त्यातून नीट निवडायचं आणि जोडायचं. पोराला मी म्हटलं, तुझं काम त्याच जातीचं आहे, मापाने लहान.

तर पहिला हप्ता. प्रोसेसर असा घ्यायचा की ज्याच्या पोटातच कामचलाऊ ग्राफिक्स असेल. एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअर, बारा थ्रेड, २०२१ चा. नावातलं ‘जी’ हे अक्षर महत्त्वाचं आहे. ते नसलेला साधा ५६०० घेतलास तर कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. इंटेलमध्ये उलट, ज्याच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात ग्राफिक्स नसतं. आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ हे स्वस्तात चांगले प्रोसेसर आहेत, पण त्यांना पहिल्या दिवसापासून कार्ड हवं. ५६००जी वर व्हॅलोरंट छान पळेल, जीटीए ५ सेटिंग उतरवून नीट चालेल, ‘राजी’ही चालेल. वर्षभर पोराची अडचण होणार नाही.

यात तोटा आहे, तोही सांगून ठेवतो. ५६००जी मध्ये मोठी कॅश मेमरी ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाशी बोलायची वाट पीसीआय एक्सप्रेस ३.० ची, एक पिढी जुनी. पुढे कार्ड लावल्यावर तो साध्या ५६०० पेक्षा थोडा मागे पडेल. पण दोन हप्त्यांत मशीन बांधायचं तर हा थोडा तोटा मी डोळे उघडे ठेवून स्वीकारतो. एकच पथ्य: आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं, ४ जीबीचं कार्ड याला कधी लावायचं नाही. जुन्या वाटेवर त्याचा जीव घुसमटतो.

नवं म्हणून एएम५ सॉकेट, रायझन ५ ८६००जी वगैरे का नाही, असं तू विचारशील. इतर कोणत्याही वर्षी मी तेच म्हटलं असतं, कारण एएम४ चं आयुष्य आता उताराला लागलं आहे. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि गेल्या दिवाळीपासून रॅमचे भाव जे चढलेत ते विचारू नकोस. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या कारखान्यांचा माल उचलला, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढी वर्षं रॅम हा बजेटमधला सगळ्यात बिनघोर भाग होता. आज तिच्यावर प्रोसेसरइतकाच विचार करावा लागतोय. डीडीआर४ ही महागली आहे, पण ती जुन्या मशीनमधून निघालेलीही चालते. माझ्या दुकानात ऑफिसांची जुनी मशीनं येतात, त्यातल्या कांड्या तपासून मी बाजूला ठेवल्या आहेत. १६ जीबी लागेल, पण १६ ची एक कांडी नको, ८ च्या दोन हव्यात. पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते रॅममधूनच घेतं. दोन कांड्या असल्या की दोन वाटांनी माल येतो आणि खेळाचा वेग डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो.

डिस्क एनव्हीएमई एसएसडी, ५०० जीबीची. कमी वाटेल, पण मदरबोर्ड दोन खाचांचा बघतोय, म्हणजे दुसरी पुढे लावता येईल. इथे खरी अडचण डिस्कची नाही, नेटची आहे. शंभर जीबीचा खेळ मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत उतरवायचा तर पन्नास दिवस लागतात. पुतण्याच्या मित्राकडे फायबर आहे. स्टीममध्ये एका मशीनवरून दुसऱ्यावर घरातल्या घरात खेळ हलवायची सोय २०२३ पासून आहे. मशीन उचलून मित्राच्या घरी न्यायचं, एका रात्रीत काम होतं. विंडोजच्या परवान्याचे पैसे मात्र वेगळे धर, ते या साठात नाहीत. लिनक्सवर पुष्कळ खेळ आता चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही, आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू लागतं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये संपवला, त्यामुळे मागे जायचा रस्ताही नाही.

आता ज्याच्यावर मी हट्टाला पेटतो तो भाग: वीज. घाटंजीत मशीन मरतात ती जुनी होऊन नाही, विजेने मरतात. उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे मंद होतात, कुठे फांदी पडली की झटका येतो, वीज जाते, येते, पुन्हा जाते. अशा ठिकाणी कॅबिनेटसोबत फुकट येणारा वीजपुरवठ्याचा एसएमपीएस लावणं म्हणजे दादांचा कापूस रस्त्यावर ठेवणं आहे. त्यावर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. हातात घेतला तर वजनच लागत नाही. मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा बघतोय. हिशेब असा: प्रोसेसर जास्तीत जास्त ९० वॅट, पुढचं कार्ड १३० ते १९०, बाकी पंखे-डिस्क मिळून पन्नास. तीनशेच्या आसपास. ७५० वॅटची गरज नाही, कुणी गळ्यात मारली तरी घ्यायची नाही.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पेटीच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि हात लावला की मुंग्या येतात. ‘‘थोडा करंट मारते’’ म्हणून लोक पायात चप्पल घालून बसतात. हे चालवून घ्यायचं नाही. दादांना सांगितलं आहे, मशीन यायच्या आधी वायरमन बोलावून माडीपर्यंत अर्थिंग ओढायची. संपूर्ण यादीत सगळ्यात स्वस्त काम तेच आहे आणि मी सगळ्यात वर लिहिलं आहे.

यूपीएस आजच १ केव्हीएचा घ्यायचा. दुकानात सहाशे व्हीएचा दाखवतात, पण त्यातून साधारण ३६० वॅटच निघतात. कार्ड लागलं की मशीन आणि पडदा मिळून त्याच्या काठावर जातील आणि वीज गेली त्या क्षणी तो हात टेकेल. यूपीएसवर खेळायचं नसतं, सेव्ह करून नीट बंद करायचं असतं, एवढं पोराने कबूल केलंय. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन टाकायचं झालं तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर हवं, नाहीतर वीज बदलताना जो क्षण जातो त्यात मशीन बंद पडतं. जूनमध्ये पहिल्या पावसाला विजा कडाडल्या की प्लग तर काढायचाच, नेटची केबलही काढायची. राउटरच्या तारेतून मदरबोर्ड गेलेली मशीनं माझ्या टेबलावर येतात.

मग उष्णता. एखादं कार्ड खेळताना खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर तुझ्या घरातल्या बावीस अंशांत ते ६७ वर राहील. इथे चाळीसच्या खोलीत ८५ वर. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ एसीच्या खोलीत केलेले असतात. पुतण्याला पुढून काचेचं, आत रंगीत दिव्यांचं कॅबिनेट हवं होतं. काचेतून वारा जात नाही. पुढून जाळीचं कॅबिनेट, दोन पंखे आत ओढणारे, एक मागे बाहेर टाकणारा, हे मी ठरवलं. त्याच्या बदल्यात माउस त्याच्या आवडीचा, दिव्यांसकट. दुपारी खेळायचं तर सेटिंगमध्ये ६० फ्रेमची मर्यादा घालायची, कार्ड विनाकारण धावत नाही, आवाजही कमी आणि वीजही.

एक गोष्ट आपल्या भागाबाहेरचा कुणी सांगणार नाही. उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो. मशीन कूलरच्या थेट धारेत ठेवायचं नाही. ओलसर हवेने फारसं बिघडत नाही, पण कूलर थेंब फेकतो, आणि आपल्या जड पाण्याचे क्षार पट्ट्यांवर पांढरे बसतात. बाजूला, जमिनीपासून हातभर वर ठेवायचं. आणि जिनिंग सुरू असतात त्या महिन्यांत हवेत जी रुईची तूस असते ती पुढच्या जाळीवर गादीसारखी जमते. दिवाळी ते होळी दर पंधरा दिवसांनी जाळी काढून ब्रश मारायचा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने गरगर फिरून बेअरिंग खराब करतं.

तू विचारलं होतंस, सेकंडहँड का नाही? विचार केला. ऑफिसातून निघालेली ब्रँडेड मशीनं मिळतात, आठव्या पिढीच्या आय५ ची, विंडोज ११ अधिकृतपणे चालणारी. त्यात ७५ वॅटचं, वेगळी वीजतार न लागणारं जीटीएक्स १६५० लावलं तर अगदी कमी पैशात बरं काम होतं. घरी खरंच पंचवीस हजारच असते तर मी तेच केलं असतं. पण त्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, पुढे वाढवता येत नाहीत, आणि आपल्याला तर वाढवायचंच आहे.

फसवणूक मात्र दुसरीकडे आहे, आणि ती पाहून मला फार वाईट वाटतं. मागे एक पोरगा मशीन घेऊन आला. ‘‘काका, आय-सेव्हन आहे ना, फोर जीबी ग्राफिक कार्ड आहे, मग काऊन अडकते?’’ उघडून पाहिलं. आय७ खराच होता, पण आय७-२६००, २०११ चा. कार्ड जीटी ७३०, २०१४ चं. ४ जीबी खरी, पण मंद डीडीआर३ मेमरी. ५६००जी च्या पोटातलं ग्राफिक्स त्या कार्डाला मागे टाकतं. आई-वडिलांनी वीस हजार मोजले होते. विकणाऱ्याने एकही शब्द खोटा लिहिला नव्हता, आणि सगळंच खोटं होतं. आय७ म्हटलं की पिढी विचारायची, कार्ड म्हटलं की जीबी नाही तर मॉडेल विचारायचं. आरएक्स ५८० स्वस्तात दिसलं तर ‘२०४८एसपी’ आहे का ते बघायचं. नाव तेच, पण मूळ कार्डातले २,३०४ कोअर त्यात नसतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग बंद केलं तेव्हापासून घासून घासून वापरलेली कार्डं बाजारात फिरतायत. सगळीच वाईट नाहीत, पण बिलाशिवाय आणि समोर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पुढच्या कापसाला कोणतं कार्ड, ते आज ठरवायचंच नाही. आज या वर्गात आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ५०६० अशी ८ जीबीची कार्डं आहेत, आणि इंटेलचं १२ जीबीचं बी५८०. वर्षभरात मेमरीच्या भावाने हे चित्र कुठे जाईल ते तेव्हा बघू. जागा, वीज आणि वारा या तिन्हींची सोय मात्र आपण आज करून ठेवतोय.

खरेदी नागपूरलाच करणार, बर्डीच्या बाजारात. ऑनलाइन दोन-तीनशे वाचतात, पण बोर्डाच्या सॉकेटची पिन वाकलेली निघाली की वाद कुणाशी घालणार? समोर खोकं उघडून, सिरियल नंबर बिलावर लिहून घेऊन, १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल. प्रोसेसर खोक्यातलाच, तीन वर्षं वॉरंटीवाला. ट्रेमधला सुटा स्वस्त असतो, पण त्याला वर्षभराचीच मिळते, तीही दुकानदाराच्या भरवशावर. प्रत्येक भागाचं सेवा केंद्र नागपुरात आहे का, ते मी फोनवर विचारून घेतलं आहे; नसेल तो ब्रँड यादीतून काढला. जोडणी माझ्या दुकानात, पण हात पुतण्याचे. प्रोसेसर बसवण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत त्यालाच करू देणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी कार्ड लावायला त्याला माझी गरज पडायची नाही.

वहिनींनी एक अट घातली आहे, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आता घरूनच भरायचे, रांगेत उभं राहायचं नाही. माझ्या दुकानाचं तेवढं गिऱ्हाईक कमी होईल, पण मान्य केलं.

तुझ्याकडून दोन उत्तरं हवीत. पैसे दादांच्या खात्यात टाकतोस की पुतण्याच्या, आणि विंडोजच्या परवान्याचं कसं करायचं. मी पुढच्या गुरुवारी पहिल्या गाडीने यवतमाळ आणि तिथून नागपूरला जातोय, पोराला सोबत घेऊन. बुधवार रात्रीपर्यंत, म्हणजे तुझ्या बुधवार सकाळपर्यंत, फोन कर. आणि त्या लॅपटॉपवाल्यांच्या बॅगेत जागा रिकामी राहत असेल तर आपल्या वहिनींसाठी तिकडचं मेपल सिरप पाठव, मागच्या वेळचं त्यांना आवडलं होतं.

तुझा,
घाटंजीचा मित्र